सूर्यावरचे तीळ

एकोणीसशे एकोणऐंशी साली सूर्यावर डागांचा नुसता सडा पडला होता. त्याआधी काही वर्षं सूर्य कसा धुऊनपुसून ठेवल्यासारखा असायचा, आणि त्या वर्षी मात्र आमचे हे वेधशाळेतून घरी यायचे ते मान अवघडूनच. मी म्हणायचे, तुमच्या सूर्याला गोवर निघालाय. ह्यांना ते आवडत नसे. बायकोची थट्टा केलेली चालायची, सूर्याची केलेली खपत नसे.

हे सूर्याचे निरीक्षक होते. गावाबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा आणि तिच्या घुमटात एक जुनी दुर्बीण. तिला डोळा लावायचा नसतो, लावला तर डोळाच जायचा. दुर्बिणीतून येणारा सूर्य अंधाऱ्या खोलीत पाटीवर ताणून बसवलेल्या कागदावर पाडायचा आणि बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीनं त्याच्यावरचे डाग जिथल्या तिथे गिरवायचे. मोठे डाग कुणालाही गिरवता येतात. खरी परीक्षा बारीक ठिपक्यांची. हवा हलते तसा कागदावरचा सूर्यही थरथरत असतो. तो क्षणभर थांबला की ठिपके दिसतात आणि लगेच विरघळतात. त्यातून कागदावरचा केरही तसाच दिसतो, म्हणून पाटी हळूच सरकवून बघायची. पाटीबरोबर सरकला तो केर, जागच्या जागी राहिला तो सूर्याचा. वेधशाळेत ह्या ठिपक्यांना तीळ म्हणत. तीळ वेगळे मोजण्याची रीत फक्त आमच्याच वेधशाळेत होती, आणि ती मास्तरांनी घालून दिली होती.

मास्तर म्हणजे ह्यांच्या आधीचे निरीक्षक. हे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या साली मास्तर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. टेकडीखालच्या बोळात एका खोलीत राहायचे, काठीनं चाचपत फिरायचे, आणि वेधशाळेतली माणसं त्यांचं नाव निघालं की आवाज खाली आणायची. नवा घुमट बांधून होत आला होता. त्याला मास्तरांचं नाव द्यायचं संचालकांनी ठरवलं होतं.

मी गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. नवी नियतकालिकं आली की त्यांची वेष्टनं माझ्याच हातून फुटत. अर्थशास्त्राचं कपाट खिडकीशी, आरोग्याचं जिन्याखाली, आणि सूर्यताऱ्यांचं माझ्या मेजाच्या मागे, कारण ते उघडायला ह्यांच्याशिवाय फारसं कुणी येत नसे.

वन्संचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते खिडकीशी. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. बाहेर प्राध्यापक, परिषदांमध्ये बाईसाहेब, आणि घरात ठकी. त्यांनी आधी मजुरीवर लिहिलं. वीटभट्टीवर, गोदीत, रस्त्याच्या कामावर माणसं किती राबतात आणि त्याचं त्यांच्या हातात काय पडतं, असं. तेव्हा ह्यांनी तो अंक घरी आणून शेजारी दाखवला. ठकी लहानपणापासूनच हिशेबी, म्हणाले. अपूर्णांक कुणी शिकवले तिला? मीच.

मग वन्सं त्याच मजुरांच्या प्रकृतीकडे वळल्या. उन्हात कोण कोसळतं, कोण इस्पितळाची पायरी चढतं, कोण अंगावरच काढतं. हे निबंध जिन्याखालच्या कपाटात यायला लागले, एकामागून एक. "डॉक्टर झाली नाही, पण डॉक्टरांना शिकवते," असं हे जेवताना म्हणाले. थोड्या वेळानं तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणि त्या वेळी भाजी वाढून घ्यायची विसरले.

ह्यांचं स्वतःचं नाव छापून आलं होतं ते दोनदा. त्यातल्या एकदा संचालकांच्या नावाखाली, आणि दुसऱ्यांदा एका दुरुस्तीच्या टिपणात. इतकी वर्षं रोज सूर्य काढून माणसाला एवढंच मिळतं. जे रोज नीट होतं त्याच्याबद्दल छापायचं काय? मला हे समजत होतं. ह्यांनाही समजत होतं. पण धाकट्या बहिणीचं नाव दोन-दोन कपाटांतून डोकवायला लागलं की समजून उपयोग होत नाही.

माझं म्हणाल तर मी वन्संवर उघड उघड जळायचे. त्यांची ती हलकी, चांगल्या चामड्याची बॅग. त्या आल्या की बहीणभाऊ लहानपणाच्या कुठल्याशा मांजराबद्दल असे काही बोलत बसायचे की मी चहाचे कप घेऊन उभीच. माझा मत्सर ह्यांच्यापेक्षा टिकाऊ होता, कारण तो लपवायला मला काही खर्च येत नव्हता. मी लपवतच नव्हते. ह्यांचा मात्र आतल्या आत कोंडलेला. खिडकी झाली, जिना झाला, मी मनात म्हणायचे. आता तेवढं माझ्या मेजामागे येऊ नका, वन्सं.

आणि त्याच वर्षी त्यांनी ह्यांना कळवलं, की मजुरी झाली, मजूर झाले, आता ते ज्या उन्हात राबतात त्या उन्हाकडे बघावं असं मनात आहे. तुमच्या वेधशाळेचे तीळ हवेत.

"सूर्यानंतर काय?" हे म्हणाले. "देव?"

पण तिळांचे आकडे द्यायला नाही म्हणता येईना. वेधशाळेचे आकडे कुणीही मागावेत, असा नियमच होता. संचालकांना तर उकळ्या फुटल्या. एवढ्या नावाजलेल्या बाई आपले आकडे वापरणार. त्यांनी आकडे पाठवून दिले, आणि वन्संनी त्या आकड्यांतून काय काढलं हे आम्हाला कळलं ते त्या स्वतः दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा. नव्या घुमटाच्या नामकरणाच्या समारंभात त्या आपला निबंध वाचणार होत्या.

पहिल्याच दिवशी जेवणं उरकल्यावर त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. चांगलं सांगायच्या, हे मला कबूल केलं पाहिजे. सूर्यावरचे मोठे डाग वाढतात-घटतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, पण मोठ्या डागांच्या मानानं तीळ किती, हे आजवर कुणी बघितलंच नाही. मास्तरांच्या काळात तिळांचं हे प्रमाण बरीच वर्षं हळूहळू उतरत गेलंय, आणि मग एकाएकी वर चढलंय. जणू सूर्य थकला आणि पुन्हा ताजातवाना झाला. त्याच उतरत्या वर्षांत उन्हाळे जरा सौम्य होते, उन्हानं कोसळणारे मजूर कमी होते, खाडे कमी होते. त्यांच्या मजुरीच्या आणि इस्पितळाच्या आकड्यांना आता सूर्याचा आधार मिळाला होता. तिन्ही विषय एका दोऱ्यात.

ह्यांनी पेला उचलला. पाणी प्यायले आणि पेला उपडा ठेवला. भरलेला पेला उपडा ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. का, ते मला लगेच कळलं. आमच्या घरात ती गोष्ट दोघांनाच माहीत होती.

मास्तरांची नजर चाळिशीच्या पुढे मंदावत गेली होती. मोठे डाग दिसत, तीळ दिसेनासे झाले. निरीक्षकाची दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी होई, आणि तीत नापास झालेल्याला घरी बसवत. वेधशाळेचं घरही सोडावं लागे. मास्तरांची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन ते कुठे जाणार होते? मास्तर तपासणीचा तक्ता पाठ करून जायचे आणि पास व्हायचे. वर्षामागून वर्ष त्यांच्या कागदांवरचे तीळ कमी होत गेले. मग त्यांच्या हाताखाली हे आले, कोवळे, नजर सुईसारखी. मास्तर मोठे डाग काढायचे, आणि उरलेले तीळ हे भरायचे. खाली सही मास्तरांची. कुणाला सांगणार नाही असा शब्द मास्तरांनी ह्यांच्याकडून घेतला होता. लग्नानंतर ह्यांनी तो एकदाच माझ्यापाशी मोडला.

तेव्हा वन्संच्या निबंधातला थकलेला सूर्य म्हणजे मास्तरांचे डोळे होते, आणि ताजातवाना झालेला सूर्य म्हणजे ह्यांचे.

तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. बोलावं, तर मास्तरांना दिलेला शब्द मोडतो, तेही त्यांच्या नावाचा घुमट उभा राहत असताना. न बोलावं, तर वन्सं सगळ्यांसमोर चूक वाचणार, छापणार, आणि कधीतरी, कुणीतरी हुशार माणूस ती उघडी पाडणार. ह्यांना बहिणीची काळजी होती, नव्हती असं नाही. पण खोलीत आम्ही दोघंच असताना एकदा हे म्हणाले, "वाचू दे तिला. पडेल तेव्हा पडेल." आणि लगेच म्हणाले, मी शब्द दिलाय, मला बोलता येत नाही. शब्द पाळणं आणि मनातला डाव साधणं, दोन्ही एकाच खुर्चीत बसली होती. कोण कुठलं ते त्यांनाही वेगळं काढता येत नव्हतं.

मी विचारलं, आणि नाहीच पडल्या तर? कुणाला कळलंच नाही तर?

 हा विचार ह्यांनी केला नव्हता. पडेपर्यंतची वर्षं वन्सं मिरवणार होत्या, तेही ह्यांच्या सूर्यावर, ह्यांच्याच नजरेच्या जोरावर. माझ्या मेजामागच्या कपाटात त्यांचा अंक येणार होता आणि मी तो नोंदवून ठेवणार होते.

संचालकांनी त्यात भर घातली. समारंभात वन्संची ओळख ह्यांनीच करून द्यावी, असं त्यांनी सुचवलं. भाऊच आहात, घरगुती गोडवा येईल, म्हणाले. हे घरी येऊन ओळखीचं भाषण लिहायला बसले. "माझी धाकटी बहीण" एवढं लिहून झालं, आणि पुढे सगळी तिच्याच कामांची यादी. पेन्सिलीचं टोक काढत बसले. टोक काढता काढता पेन्सिल निम्मी झाली.

समारंभाच्या आदल्या रविवारी वन्सं म्हणाल्या, दादा, मला एकदा सूर्य काढू दे. इतकं लिहिलंय त्याच्यावर, हात लावला नाही. ऊन स्वच्छ होतं. आम्ही तिघंही टेकडी चढून गेलो. डबा माझ्याकडे होता.

घुमटात अंधार, आणि मध्ये कागदावर तो थरथरता सूर्य. वन्संनी चष्मा सारखा केला, पेन्सिल घेतली आणि डाग गिरवायला लागल्या. मोठे डाग छान काढले, हात स्थिर होता. मग म्हणाल्या, झालं वाटतं. ह्यांनी पाटी हळूच सरकवली, श्वास रोखला, आणि एक, मग दुसरा, मग आणखी, असे तीळ टेकवत गेले. वन्संनी कागदावर वाकून बघितलं, पण त्यांना ते टेकवल्यावरही दिसत नव्हते.

"चाळिशी लागली मला," वन्सं हसल्या. "तू कसा बघतोस रे हे? तुला लहानपणी ताटातला खडासुद्धा दिसायचा नाही."

"खडा बघायला मन लागत नव्हतं," हे म्हणाले.

इथवर सगळं गोड होतं. मलाच चुकल्यासारखं वाटलं, ह्यांच्या मनात काय काय चाललंय असं मी समजत होते, आणि हे तर खुशीत दिसत होते. पण वन्संना गप्प बसवेना. माझं सोड, त्या म्हणाल्या, मास्तरांची नजर बघ. त्यांचे कागद बघताना अंगावर काटा येतो. सूर्य कसा उतरत गेला, कसा पुन्हा उठला, सगळं टिपलंय त्या माणसानं. मग त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगते.

"रागावू नकोस दादा, पण तिळांच्या प्रमाणात तुझी वर्षं सगळी सपाट आहेत. तुझ्या कागदांत काही घडतच नाही. मास्तरांनी बघितला तो सूर्य जिवंत होता."

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी डब्याचं झाकण घट्ट धरून उभी होते.

"त्या वर्षांत सूर्याला काही झालं नव्हतं, ठके," हे म्हणाले. "मास्तरांना दिसत नव्हतं."

वन्संना पहिल्यांदा ते थट्टेसारखं वाटलं. मग त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"आणि नंतर? नंतर एकदम दिसायला लागलं?"

"नंतर मी आलो."

सूर्य कागदावर सरकत कडेला गेला तरी कुणी दुर्बीण फिरवली नाही. वन्संनी चष्मा काढला. आता ह्या रडणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायचं होतं. इतकी वर्षं त्यांना कशात कमी पडलेलं मी बघितलं नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हतं असं तेज आलं होतं.

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि विचारलं, हे किती वर्षं चाललं? कळलं असतं तर त्यांचं काय झालं असतं? घर गेलं असतं? डोळ्यांची तपासणी कोण करायचं? ते पास कसे व्हायचे? हे आधी झोकात उत्तरं देत होते. तक्ता पाठ करायची गंमत तर ह्यांनी अभिनयासकट सांगितली. पण प्रश्न थांबेनात, आणि प्रश्न विचारणारीच्या आवाजात दुःखाचा मागमूस नव्हता. भूक होती. ती ह्यांना माझ्यानंतर कळली. मग उत्तरं तुटक झाली, आणि ते तेज उतरत उतरत पार गेलं.

उतारावर येताना वन्सं म्हणाल्या, उद्या मी मास्तरांकडे जाते. ह्यांनी त्यांचा हात धरला. जाऊ नकोस, म्हणाले. निबंध मागे घे, काही कारण सांग, पण त्यांच्याकडे जाऊ नकोस.

"काय कारण सांगू? डोकं दुखतंय म्हणून?" वन्सं म्हणाल्या. "दादा, तू मला हे सांगितलंस. आता ते मला माहीत नाही असं कसं करू?"

ह्यांनी त्यांचा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी हे घुमटात गेले आणि जाताना मला म्हणाले, तू तरी जा तिच्याबरोबर. म्हणून मी गेले. मास्तर खिडकीशी बसले होते. वन्संनी आपली ओळख सांगितली, त्यांचा हात हातात घेतला आणि आडवळण न घेता विचारलं. मास्तरांनी दुसऱ्या हातानं काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं?"

वन्सं हो म्हणाल्या.

"मला वाटलं होतं, मी गेल्यावर सांगेल."

मला वाटलं, झालं, आता उठावं. पण मास्तर बोलायला लागले, आणि दुपार कलली तरी बोलतच होते. तीळ दिसेनासे झाले ते पहिलं साल. आपल्याला वाटतं हवा वाईट आहे. मग वाटतं भिंग मळलंय. मग भिंग पुसून पुसून कळतं की भिंग आपल्या कपाळाखाली आहे. बायकोला कधी सांगितलं नाही. ह्यांच्याबद्दलही बोलले. म्हणाले, तो पाटीशी उभा राहिला की मधेच श्वास रोखायचा, मग मला कळायचं, तिथे काहीतरी आहे. मी नुसतं हूं म्हणायचो. त्याच्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. सूर्यावर एक केस पडला असता तर त्या पोरानं दाखवला असता.

हे सगळं ते वन्संना सांगत होते. ह्यांना त्यांनी आयुष्यात असं एक वाक्य सांगितलं नव्हतं. सकाळी आल्यावर "पेन्सिली कर", निघताना "दार लाव", एवढंच.

घरी आल्यावर वन्संनी ते जसंच्या तसं ह्यांच्या कानावर घातलं. त्यांना वाटलं, दादाला बरं वाटेल. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. "मला कधी म्हणाले नाहीत," एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, "तुला म्हणाले." बहिणीला एक अख्खा निबंध मागे घ्यायला लावून शेवटी हे हाती आलं होतं. इतकी वर्षं ज्या शाबासकीची वाट बघितली, ती तिनं एका दुपारीत जाऊन आणली.

समारंभ झालाच नाही. वन्संनी संचालकांना खरं कारण सांगून निबंध मागे घेतला, आणि आपलं नाव घुमटाला देऊ नये, असं मास्तरांनी कुणाच्या तरी हातून कळवलं. संचालक ह्यांच्यावर भयंकर चिडले. दुसऱ्याच्या सहीखाली वर्षानुवर्षं काम केलंत आणि आम्हाला सांगितलं नाहीत, म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही, पण ओरडायला त्यांना भरलेली कचेरीच मिळाली. ह्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी वन्संनी ह्यांना विचारलं. ह्यावरच लिहायचं त्यांच्या मनात होतं. ज्याचं पोट नजरेवर आहे तो माणूस मंदावलेली नजर का लपवतो, आणि त्या लपवण्यानं जगाचे आकडे कसे बिघडतात. घड्याळवाले, शिंपी, इंजिनचालक, आणि सूर्य बघणारे. "आपल्या दोघांच्या नावानं छापू," त्या म्हणाल्या. "तुझं नाव आधी."

हे म्हणाले, "तुझ्या शेपटाला बांधून मला कुठे जायचं नाही."

"अरे, शेपूट माझं कुठे? ह्यात माझं आहेच काय?"

"मग लिहू नकोस."

वन्सं माझ्या पाया पडल्या, ह्यांच्या नाही, आणि ती हलकी बॅग स्वतःच उचलून गेल्या. मनातून मला वाटलं, आता लिहिणार नाहीत. मी त्यांना तेवढंही ओळखत नव्हते.

तो निबंध दोन वर्षांनी आला. तो कुठल्या कपाटात ठेवायचा हा मला खराच प्रश्न पडला. मजुरीही त्यात होती, डोळेही होते, सूर्यही होता. पुढे त्याच्यावर इतकं लिहून आलं की तिन्ही कपाटांतले अंक त्याचं नाव घेऊन येऊ लागले. अंक आला त्या दिवशी हे संध्याकाळी नेहमीसारखे ग्रंथालयात आले. मी अंक मेजावर उघडून ठेवला होता. लपवला असता तरी त्यांनी शोधलाच असता. हे उभ्यानंच वाचत होते. मास्तरांचं नाव त्यात होतं, त्यांच्याच परवानगीनं. ह्यांचं नव्हतं. ह्यांनीच नको म्हटलं होतं, आणि वन्सं शब्दाच्या पक्क्या. सगळ्या निबंधात ह्यांचा उल्लेख एकाच नावानं होता, "एक तरुण सहायक". पुष्कळदा होता. सगळ्या निबंधाचा कणाच तो होता म्हणा ना.

हे शेवटच्या पानापर्यंत गेले आणि अंक मिटला.

"तरुण म्हटलंय," म्हणाले. "तेवढं बरं केलं."

मास्तर त्यानंतर चार-पाच वर्षं होते. हे त्यांच्याकडे पूर्वीसारखेच जात राहिले, वर्तमानपत्र वाचून दाखवत. झाल्या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणी कधी अक्षर काढलं नाही. शेवटच्या आजारात उशाशी हेच होते. मास्तरांनी तेव्हाही ह्यांना काही सांगितलं नाही. मी विचारलं होतं, म्हणून मला माहीत.

संचालक मोठ्या वेधशाळेत गेले आणि तिथून आणखी मोठ्या. नव्या घुमटाला कुणाचंच नाव दिलं गेलं नाही. रंग उडाला, पत्रा गंजला, तरी माणसं त्याला अजून नवा घुमटच म्हणतात.

ह्यांनी निवृत्त होईपर्यंत रोज सूर्य काढला. शेवटी शेवटी कॅमेरे आले आणि कागद काढायची गरज उरली नाही, पण पाटी उचलून न्यायचं कुणाला सुचलं नाही, तोवर हे काढत राहिले. बहीणभावांचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. मग ह्यांना छातीचं दुखणं झालं तेव्हा वन्सं न कळवता आल्या, आणि इस्पितळात खाटेशी बसून दोघं त्या मांजराचा रंग कोणता होता ह्यावर भांडले. परिचारिकेनं येऊन दोघांना दटावलं. त्यानंतर हे तीन वर्षं होते, आणि त्या तीन वर्षांत वन्सं दर महिन्याला येत. निबंधाचा विषय कुणी काढला नाही.

मी निवृत्त झाले. ग्रंथालयातली ती तिन्ही कपाटं आता नाहीत, अंक कपाटात येतच नाहीत म्हणे.

वन्सं माझ्यासारख्याच म्हाताऱ्या झाल्यात. लिहिणं काही सोडलेलं नाही. आता आपल्याच आठवणी लिहितायत आणि त्यांना दादावर एक प्रकरण हवंय. रविवारी फोन करतात आणि मला विचारतात, वहिनी, दादा घरी आल्यावर काय बोलायचा? सूर्य काढताना त्याच्या मनात काय असायचं? शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला का? प्रश्न विचारायची पद्धत तीच आहे, घुमटातली. मी थोडं सांगते. गोवराची थट्टा सांगितली, उपडा ठेवलेला पेला सांगितला. बाकीचं आठवत नाही म्हणते. आठवतं सगळं, पण माझ्याकडे आता ह्यांचं तेवढंच उरलंय, आणि ते मी वन्संना देणार नाही.